डावा कौल घेऊन आमोण्याला

आमच्या पेडणे महालात भित्र्या माणसांची कमतरता नाही, पण कृष्णनाथएवढा चोख भित्रा मी दुसरा पाहिला नाही. पाल चुकचुकली की हा पुढे टाकलेले पाऊल मागे घेई. मांजर आडवे गेले की रस्त्याच्या कडेला बसून राही, आणि ओळखीचे कोणी आले तर त्यालाही हाताला धरून शेजारी बसवी. मला त्याने असे कितीदा तरी बसवले आहे, आणि दर वेळी मी चिडलो आहे.

नोकरी मात्र त्याला स्वभावाला साजेशी मिळाली होती. केरी आणि तेरेखोल यांच्या मधल्या नदीवर सरकारी फेरीबोट चालते, तिच्यावर तो दोर टाकायचे काम करी. बोट धक्क्याला लागली की खुंट्याला दोर अडकवायचा, सुटताना काढायचा, आणि दिवसभर या काठावरून त्या काठावर जात राहायचे. समोरचा काठ दिसतो म्हणून हा बोटीत चढतो, असे आम्ही त्याला चिडवायचो. पस्तिशी उलटली तरी लग्न नव्हते, कारण मुलगी पाहायला निघाले की काही ना काही आडवे यायचे. घरात तो आणि त्याची आई वत्सलाबाय, दोघेच. दोघे मिळून देवाला विचारत आणि देव सांगेल तसे वागत.

विचारत म्हणजे कौल लावत. देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालायचे, आणि हात जोडून वाट पाहायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. आमच्याकडे घराचा पाया, सोयरीक, नवी म्हैस, सगळे याच वाटेने जाते. मीही पेडण्याच्या बाजारात भांड्यांचे दुकान घातले तेव्हा कौल घेतला होता. पण एकदा उजवा मिळाल्यावर मी देवाला पुन्हा त्रास दिला नाही. कृष्णनाथच्या घरात छपराची कौले परतायलाही कौल लागत असे.

असा हा माणूस आमच्या सायकल-सहलीला आला, त्या दिवसाची ही गोष्ट आहे.

सहलीचे वेड मुळात गौरेशचे. तो शाळेत खेळ शिकवायचा आणि सुट्टीतही शिट्टी गळ्यातून काढत नसे. दर नाताळच्या सुट्टीत तो आम्हा मित्रमंडळातल्या लोकांना सायकलींवर घालून कुठे तरी लांब नेई. कृष्णनाथही एकदा आमच्याबरोबर निघाला होता, पण धारगळीला चहाच्या हॉटेलात पाल चुकचुकली आणि तो तिथूनच घरी परतला. त्यानंतरच्या नाताळात भाषेच्या भांडणात रस्त्यांवर झाडे आडवी पडली होती, म्हणून सहल झालीच नाही. आता गोवा राज्य झाले होते, रस्ते मोकळे होते, आणि गौरेशने पहिल्या दिवशी आमोणे, दुसऱ्या दिवशी वाळपई असा बेत काढला. पुढच्या सायकलीला नव्या राज्याच्या नावाने एक झेंडा लावायचा होता. त्याच्यावर मराठीत लिहायचे की कोकणीत, यावर मंडळात इतकी हमरीतुमरी झाली की शेवटी गौरेशने नुसते पांढरे फडके बांधले.

आमोण्याला कृष्णनाथची बहीण पार्वती दिलेली होती, आणि वत्सलाबाय दिवाळीपासून तिच्याकडेच राहत होती. तिचे पोट दुखायचे, आणि तिथून डॉक्टरकडे जाणे सोपे पडत असे. दिवाळीत आईला पोचवायला गेला तेव्हा कृष्णनाथने भीत भीत सहलीचे सांगितले होते. ती म्हणाली होती, "देवाक इचारल्याशिवाय सायकलीर बसा नको. मी हयल्या देवाक इचारतंय आनी निरोप धाडतंय."

निरोप नाताळच्या आदल्या दिवशी आला, तोही नदीच्या मध्यावर. धाकू नावाचा रेडीचा एक ट्रकवाला आमोण्याच्या बाजूला खनिजाची वाहतूक करी आणि पार्वतीच्या शेजारीच खोली घेऊन राही. सणाला घरी जाताना तो फेरीत चढला आणि कृष्णनाथला म्हणाला, "दादा, तुझ्या आवशीचो निरोप आसा. देवाक इचारल्यान, देवान डावो दिल्यान." धाकू आणखी काही सांगत होता. पण डावा हा शब्द कानावर पडताच पुढचे ऐकायलाच नको म्हणून कृष्णनाथ दोर उचलून बोटीच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि धक्का लागल्यावर धाकू उतरून आपल्या वाटेने गेला.

हे सगळे मला नंतर कळले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पेडण्याला देवळासमोर जमलो तेव्हा एवढेच दिसले की कृष्णनाथ केरीहून अंधारात निघून आमच्या आधी येऊन बसला आहे. कॅरिअरला पिशवी, पिशवीत नारळ. चेहरा मात्र तापातून उठलेल्या माणसाचा. गौरेशने पाठीवर थाप मारली तर तो दचकला.

"पाल बोलली काय रे?" मी विचारले.

"नाय," तो म्हणाला आणि टाचेने पायडल मागे फिरवत राहिला.

निघालो आणि पहिल्याच चढावर त्याची चेन उतरली. आम्ही हसलो. तो हसला नाही. चेन चढवायला त्याला जमेना, शेवटी मीच बसवून दिली. धारगळीच्या त्या हॉटेलासमोरून जाताना सगळ्यांनी मुद्दाम घंट्या वाजवल्या. तो मान खाली घालून पुढे गेला, आणि मला जरा नवल वाटले. हा इथेच परतणार अशी मी मनाशी खूणगाठ बांधून ठेवली होती.

तिथून मात्र तो मागे पडू लागला. मागे म्हणजे थोडाथोडका नव्हे. आम्ही सगळे ओळीत, आणि हा पार मागच्या वळणावर, एकटा. थांबून वाट पाहिली तर तोही तिकडेच थांबे. हाताने बोलावले तर 'तुम्ही चला' अशी खूण करी. दम लागला म्हणावे तर रोज घरापासून धक्क्यापर्यंत सायकल मारणारा माणूस, पाय आमच्यापेक्षा घट्ट. मला राग आला. सहलीला यायचे ते चार माणसांत चालायला, आणि हा जावई रुसल्यासारखा मागे.

कोलवाळच्या पुलावर त्याने खाली उतरून सायकल हाताने ढकलली. वारा होता, खाली नदी भरतीने फुगली होती. सरकारची एक कदंब बस त्याच्या इतक्या जवळून गेली की तो कठड्याला चिकटला आणि बस गेल्यावरही बराच वेळ तसाच राहिला. पलीकडून आम्ही पाहत होतो. डोळे मिटलेले, एक हात कठड्यावर, एक सायकलवर, आणि ओठ हलताहेत. या वेळी हसायला कोणी पुढे झाले नाही.

म्हापशाला उंडे, म्हणजे कडक पाव, आणि भाजी खाल्ली. त्याने उंडा नुसता हातात धरला, आणि आम्ही उठलो तेव्हा तो हॉटेलाच्या दारातल्या कुत्र्याला घातला. "बरा नसला तर बशीन घरा जा," गौरेश त्याला समजुतीने म्हणाला. कृष्णनाथने बसस्टँडकडे पाहिले. तिथे पेडण्याची बस उभी होती, कंडक्टर ओरडत होता. त्या बसकडे त्याने ज्या डोळ्यांनी पाहिले ते मला अजून आठवतात. मग तो म्हणाला, "नाय. येतंय." आणि आम्ही सायकलींवर बसेपर्यंत तिथेच उभा राहिला, म्हणजे पुन्हा मागे राहता यावे.

अस्नोड्यापर्यंत काही झाले नाही. मुळगाव ओलांडले, आणि रस्ता खाणींच्या मातीने तांबडा झाला.

गौरेशचा हिशेब असा होता की नाताळच्या सुट्टीत खाणी बंद, म्हणून ट्रकही बंद. पण बंदरात परदेशी बोट येऊन उभी असली की खाणीवर सुट्टी नसते, हे त्याच्या ध्यानात आले नाही, आणि आमच्याही आले नाही. डिचोली सोडून आमोण्याच्या वाटेला लागलो तर समोर ट्रकांची रांग. भरलेले ट्रक नदीकडे चालले होते, रिकामे परत येत होते, आणि जितक्या खेपा तितकी मिळकत, म्हणून कोणाचाही पाय ब्रेकवर नव्हता. रस्ता एवढा अरुंद की दोन ट्रक समोरासमोर आले की सायकलवाल्याने गटारात उतरायचे. धुळीने पुढच्याची पाठ दिसेना. तोंडात, डोळ्यांत, कानांत तांबडी माती. गौरेशची शिट्टी आधी ऐकू येत होती, मग तीही येईनाशी झाली. मागून हॉर्न वाजला की माझी मान आपोआप खांद्यांत जाई. घाबरलो होतो, हे सांगायला मला लाज नाही. माझ्या दुकानाचा, बायकोचा, भिंतीवरच्या घड्याळाचासुद्धा विचार त्या वाटेवर येऊन गेला.

एका फाट्यावर चिंचेखाली आम्ही थांबलो आणि माणसे मोजली. कृष्णनाथ नव्हता.

वाट पाहिली. ट्रक येत राहिले, सायकल येईना. शेवटी एका ट्रकवाल्याने वेग कमी करून खिडकीतून सांगितले, "एक सायकल पडली हा रे थंय गटारात." आणि तो गेला. माणसाचे काही बोलला नाही.

गौरेशचा चेहरा धुळीतूनही पांढरा दिसला. इतरांना तिथेच थांबवून मी एकटा मागे फिरलो, कारण जायला कोणी तरी हवे होते आणि मी सगळ्यांत जवळ उभा होतो. ती वाट मी कशी कापली मला माहीत नाही. प्रत्येक वळणावर वाटे, आता दिसेल, आणि दिसू नये असेही वाटे. आमोण्याच्या त्या म्हातारीला जाऊन काय सांगायचे याची वाक्ये मी मनात जुळवू लागलो होतो, आणि एकही वाक्य पुरे होत नव्हते.

सायकल गटारात उलटी पडली होती. पुढचे चाक वाकडे. नारळ फुटून पाणी मातीत गेले होते. माणूस नव्हता. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा वरच्या काजूखालून उत्तर आले, "हय आसंय."

तो झाडाला पाठ लावून बसला होता. गुडघा सोलवटला होता, कोपरातून रक्त येत होते, आणि डोक्यापासून पायापर्यंत तो तांबडा झाला होता. एका ट्रकाने दुसऱ्याला मागे टाकताना त्याला कडेला दाबले होते. याने सायकल गटारात घातली, आणि ट्रकाचे चाक त्याच्या पायाजवळून गेले. मी शेजारी बसलो.

"बाबाजी, तू फुडे जा," तो म्हणाला. "माझ्या वांगडा रवा नको."

"कित्याक?"

"माका डावो पडलो हा."

मग त्याने आईचे, धाकूचे, कौलाचे सगळे सांगितले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "डावो पडलो तर मगे इलंस कित्याक? घरा बसाचा होता."

"दर खेपेक घराच बसलंय," तो म्हणाला. "ह्या खेपेक आवय थंय आसा. दिवाळीपासून बघूक नाय तिका. आनी तुमका सांगितलंय असता तर अर्धे जण पेडण्यातूनच परत गेले असते."

हे खरे होते. मी स्वतः गेलो असतो.

"मगे सकाळधरना मागे कित्याक रवतंस?"

"जा काय येवचा ता माझ्यार येवंदे. तुमच्यार कित्याक?"

सकाळपासून हा माणूस मरणाची वाट पाहत सायकल चालवत होता आणि ते मरण आमच्या अंगावर येऊ नये म्हणून अंतर राखत होता, आणि मी त्याला रुसलेला जावई म्हणत होतो. मी चाक पायाखाली घेऊन जमेल तेवढे सरळ केले. ते फिरत होते, पण दर फेरीला सायकलच्या चिमट्याला घासत होते.

"चल," मी म्हटले, "आता दोघा मागे रवया."

खरे सांगायचे तर तिथून पुढे मीही त्याच्याइतकाच घाबरलो होतो. डावा कौल आता माझ्याही पाठीला बसला होता. प्रत्येक हॉर्नला दोघे एकदमच खाली उतरत होतो आणि ट्रक जाईपर्यंत काजूंच्या रानात उभे राहत होतो. त्याचे चाक घासल्याचा तो खर्र खर्र आवाज आमोण्यापर्यंत सोबत होता. फाट्यावर गौरेशने आम्हाला पाहिले आणि शिट्टी फुंकायची सोडून तो खाली बसला आणि रडला.

ऊन उतरता उतरता आमोणे आले. मंडळाची मुक्कामाची सोय देवळाच्या मंडपात होती. जखम धुवायची म्हणून मी कृष्णनाथला घेऊन पार्वतीच्या घरी गेलो. पार्वती अंगणात सुपारी वाळत घालत होती. त्याला पाहून ती धावली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"परवाच्या दिसा निरोप धाडलंय, आनी तू आज येतंस? तोय सायकलीन?"

"डावो दिल्यान तरी इलंय," कृष्णनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात, मला वाटते, जन्मात पहिल्यांदा थोडी ऐट होती. "काय झाला नाय माका."

"तुका काय होवचा हा? डावो तुका नाय. आयेक."

वत्सलाबाय तेवढ्यात दारात आली. दिवाळीच्या आधी मी पाहिलेली बाई ती नव्हती. लुगडे अंगावर नुसते टांगल्यासारखे होते, गालांची हाडे वर आली होती. पार्वतीने उभ्या उभ्याच सांगून टाकले. पोटात गाठ आहे. पणजीच्या डॉक्टरने लगेच काढायला सांगितली, सोमवारी दाखल व्हायला बोलावले. म्हातारीने देवाला विचारले, आणि देवाने डावा दिला. तेव्हापासून ती म्हणते, मी इस्पितळात पाय ठेवणार नाही. "धाकूक सगळा सांगून धाडलंलंय, तू रातोरात ये आनी आयेक समजाव म्हणान. त्येणा सांगूक नाय?"

कृष्णनाथ अंगणात होता तसाच उभा राहिला. धाकू सांगत होता. बोटीच्या दुसऱ्या टोकाला तो स्वतः गेला होता.

"आनी माझ्या सायकलीचा?" त्याने आईला विचारले.

वत्सलाबायने त्याच्याकडे पाहिले. "ता इचारूचाच रवला, पुता."

मला वाटले, आता हा कोसळणार. दिवसभराची भीती अंगात होतीच, तिच्यावर ही खरी भीती आली. आजचा दिवस सोडला तर याने देवाचा किंवा आईचा शब्द कधी मोडला नव्हता, आणि इथे दोघांचा शब्द एकच होता. पार्वती माझ्याकडे पाहत होती, मी जमिनीकडे.

तो ओट्यावर आईच्या पायाशी बसला. "आये," तो म्हणाला, "तो डावो मी घेवन इलंय. पेडण्याधरना माझ्याच अंगार होतो. ह्या बाबाजीक इचार. ट्रकाचा चाक हयसून गेला." त्याने पायाजवळ हात दाखवला. "तुझो म्हणान देवान दिल्यान, पण भोगलंय मी. तो झालो आता, सरलो. फाल्या परत इचार."

वत्सलाबायने त्याच्या गुडघ्याला बोट लावले, बोटाला लागलेली तांबडी माती आणि रक्त पाहिले, आणि ते बोट लुगड्याला पुसले.

"आनी परत डावोच पडलो तर?"

त्याने अंगणाकडे पाहिले. तिथे त्याची वाकड्या चाकाची सायकल माडाला टेकून उभी होती. भीती त्याच्या चेहऱ्यावरून गेली नव्हती, ती तिथेच होती.

"तर मी परत सायकलीर बसतलंय," तो म्हणाला.

म्हातारीच्या तोंडातून हसू फुटले की हुंदका, मला नीट कळले नाही. तिने पार्वतीला पाणी तापवायला सांगितले आणि त्याला म्हणाली, "आदी पाय धू."

दुसऱ्या दिवशी आम्ही वाळपईला गेलो, तो आमोण्याला राहिला. त्या सकाळी देवळात पुन्हा पाकळी लावली की नाही, आणि लावली तर ती कुठल्या बाजूला पडली, हे मी त्याला कधी विचारले नाही. सहलीहून परतल्यावर कामासाठी तेरेखोलला जायचे होते म्हणून केरीच्या धक्क्यावर गेलो, तर फेरीवर दोर टाकायला दुसराच माणूस होता. कृष्णनाथ रजेवर आहे, आईला घेऊन पणजीला इस्पितळात गेला आहे, असे त्याने मला सांगितले.